हँडलवरची चकती

सन १९३६ च्या जानेवारीत अकोल्याच्या केशवरावांनी मला बोलावणं धाडलं. स्टेशन रस्त्यावर त्यांचं मोटारींचं दुकान होतं आणि थॉर्नबी नावाच्या विलायती फटफटीची साऱ्या वऱ्हाडची एजन्सी त्यांच्याकडे होती. मी अमरावतीला एका हायस्कुलात शास्त्र शिकवीत असे, आणि मोरोपंत नावाचे एक गृहस्थ साप्ताहिक चालवीत, त्यात पंधरा दिवसांनी एकदा यंत्रांविषयी लिहीत असे. पाण्याचा पंप, बिनतारी, कापसाच्या जिनातली इंजिनं, जे पाहायला मिळेल ते. वाचणारे फार नव्हते, पण जे होते ते माझ्या शब्दावर विसंबत. केशवरावांना तेच हवं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "कंपनीनं नवं मॉडेल काढलंय. स्पोर्ट म्हणतात तिला. जुनीपेक्षा हलकी आणि जुनीपेक्षा पळणारी. पण आपले लोक नवी वस्तू दिसली की आधी संशय घेतात. तुम्ही दोन्ही चालवून पाहा आणि काय फरक वाटतो ते छापा. मी सांगतो म्हणून काही लिहू नका. तुम्हाला दिसेल तेच लिहा."

हे शेवटचं वाक्य ते खरोखर बोलले होते. ते बोललेच नाहीत असं मानून घेण्याचा मी पुढे पुष्कळ प्रयत्न केला.

जुनी थॉर्नबी माझ्या मित्राकडे, जानरावाकडे होती. जानराव दर्यापूरजवळच्या एका खेड्यातला, काळ्या जमिनीचा धनी. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो. त्याने तीन वर्षांपूर्वी ही गाडी घेतली तेव्हा तालुक्यात दुसरी नव्हती. तो ती स्वतः उकलायचा, स्वतः जोडायचा. मी फटफटी शिकलो ती त्याच्याच गाडीवर. अंगाने तो दांडगा, आणि मी असा की शाळेतली पोरं मागून मला खडू म्हणायची.

एका रविवारी आम्ही दोघं जुन्या गाडीवर बसून अमरावतीहून अकोल्याला गेलो. केशवरावांनी नवी दुकानाबाहेर काढून पुसून ठेवली होती. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तेव्हा जुनी थोराड दिसायला लागली. जुनीचा गिअर टाकीच्या कडेला, हाताने ओढायचा. नवीचा पायाशी. जुनीला धुराची एक नळी, खाली लोंबणारी. नवीला दोन, वर उचललेल्या, चांदीसारख्या. नवीचा ब्रेक मोठा होता, इंजिनाचा जोर जवळजवळ दीडपट आणि वजन पस्तीस पौंडांनी कमी. पुढचं चाक धरणारा चिमटाही बारीक केलेला.

आणखी एक फरक होता. जुनीच्या हँडलच्या मधोमध काळी गोल चकती होती. ती हाताने आवळली की हँडल जड व्हायचं, सैल केली की मोकळं. नवीवर त्या जागी नुसतं चकचकीत झाकण होतं.

"चकती कुठं गेली?" मी विचारलं.

"वजन कमी करायला काढली कंपनीनं. हवी असेल त्याला वेगळी मागवून देतो." केशवराव हसले. "आजवर कोणी मागितली नाही."

मूर्तिजापूरपर्यंत जायचं, तिथं गाड्या बदलायच्या आणि परत यायचं, असं ठरलं. जाताना जानराव नवीवर होता, मी जुनीवर. कापसाचा हंगाम होता. जिनांकडे निघालेल्या गाड्यांची रांग सडकेवर लागलेली आणि बाभळींना जागोजाग कापूस अडकलेला. बोरगाव मागे पडल्यावर जानराव पुढे निघून गेला आणि दिसेनासा झाला. मी मूर्तिजापूरच्या स्टेशनासमोर पोचलो तेव्हा त्याचा दुसरा चहा चालला होता.

"पळते भारी," तो म्हणाला. "जुनी तिच्यापुढं म्हैस हाये. पण चिंतामण, पन्नासच्या वर गेली का मुंडी हालवते थे."

"मुंडी हालवते म्हणजे?"

"गोऱ्ह्याले पहिल्यांदा जू दाखवलं का कसा मुंडी हालवते? तसं. हँडल इकडून तिकडं, इकडून तिकडं."

"मग तू काय केलंस?"

"काय करतो? दाबून धरली दोन्ही हातानं. गप झाली. पण तू जपून ये. वरतं नोको जाऊ."

परत निघालो. आता मी नवीवर होतो. पायाने गिअर बदलण्याची गंमत पाच मिनिटांत अंगवळणी पडली. मागून जानरावच्या गाडीचा जड आवाज येत होता, तो हळूहळू कमी झाला आणि मग ऐकूच येईना. मला त्याचा आनंद झाला. शाळेत खेळाच्या तासाला मी नेहमी मागे राहिलेला माणूस. बोरगावच्या अलीकडे उतार लागतो. तिथे मी काटा पाहिला. बावन्न.

आधी तळहातांना मुंग्या आल्यासारखं झालं. मग हँडल हलायला लागलं, आणि एक श्वास घेईपर्यंत ते माझे दोन्ही हात असे झटकायला लागलं की खांदे निखळतील असं वाटलं. मी दाबून धरायला गेलो. जितकं दाबावं तितकं ते जास्त उसळत होतं. उजवा हात सुटला. गाडी सडक सोडून खाली उतरली, बांधावरून उडाली आणि वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाटीत शिरली. मऊ काळी जमीन होती. चाकं रुतली, इंजिन बंद पडलं आणि मी उभाच्या उभा राहिलो. साधं खरचटलंसुद्धा नाही.

मी ती ओढत सडकेवर आणली. जानराव येऊन थांबला तेव्हा मी इंजिनाशी वाकून बसलो होतो.

"काय झालं?"

"प्लग पाहत होतो."

त्याने शेताकडे पाहिलं. मोडलेल्या पऱ्हाटीतून चाकाची वाट सरळ दिसत होती. मग माझ्या धोतराकडे पाहिलं. ते गुडघ्यापर्यंत काळ्या मातीने भरलं होतं.

"तुले बी हालवलं वाटते," तो म्हणाला.

"थोडंसं."

अकोल्यापर्यंत आम्ही तीसच्या वर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लेख लिहायला बसलो. जुनी आणि नवी यांची तुलना कलमवार केली. इंजिन, गिअर, ब्रेक, बैठक, तेलाचा खर्च. मग लिहिलं: 'पन्नास मैलांच्या वर नव्या गाडीचे हँडल भयंकर हेलकावे खाते आणि जुन्या गाडीवरील आवळण्याची चकती काढून टाकण्यात कंपनीने चूक केली आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.' हे वाक्य कागदावर होतं. माझ्या अक्षरात, जांभळ्या शाईत होतं.

ते वाचता वाचता मला वाटलं, जानरावने तर धरून ठेवली. हलली दोघांनाही, पण शेतात गेलो तो मी एकटा. छापून आलं की लोक म्हणतील, मास्तरांना फटफटी आवरली नाही आणि दोष कंपनीला देताहेत. शिक्षकांच्या खोलीत कोण काय बोलेल तेही मला ऐकू यायला लागलं. त्यात माझी मलाच शंका येऊ लागली. खरंच गाडीचा दोष असेल की माझ्या मनगटांचा? शंका आली म्हणजे पुन्हा एकदा चालवून पाहावी, इतकं शास्त्र मला येत होतं. मी ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'हँडल इतके हलके की बोटाने वळवावे.' शेवटी लिहिलं, 'ज्याला शक्य असेल त्याने नवीच घ्यावी.'

लेख गाजला. केशवरावांनी तो चौकटीत घालून दुकानात लावला.

माझी धाकटी बहीण अनुपमा दर्यापूरला दिली होती. तिचे यजमान कमलाकांत तिथे वकिली करत. आठवड्यातून दोनदा त्यांना अकोटच्या कोर्टात जावं लागे, आणि बसच्या पायी त्यांचे पक्षकार ताटकळत. वय एकोणतीस. चष्मा, बारीक अंग, स्वभावाने इतके सावध की कंदील विझवला की पुन्हा एकदा हात लावून पाहणार. त्यांना फटफटी घ्यायची होती. जानराव त्या सुमारास मोटार घेणार होता आणि आपली जुनी गाडी द्यायला तयार होता. कमलाकांतांचं जवळजवळ ठरलं होतं. मग त्यांनी माझा लेख वाचला.

होळीला दोघं अमरावतीला आली. आई देवघरात होती. माझी बायको सुभद्रा आणि अनुपमा पुरण वाटत बसल्या होत्या. कमलाकांतांनी घडी घातलेला अंक खिशातून काढला.

"चिंतोपंत, जानराव म्हणतात माझीच घ्या, हातची गाडी आहे. नवी मुंडी हालवते, असंही म्हणतात. आता त्यांना आपली खपवायची आहे हेही खरं. तुमचा लेख म्हणतो नवी घ्या. माझी चण तुमच्यासारखीच आहे म्हणून विचारतो. तुम्हाला ती आवरायला जड नाही ना गेली?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नसेल. सुभद्रा पाहत होती. अनुपमा पाहत होती. छापलेला कागद त्यांच्या हातात होता.

"छे," मी म्हणालो. "सायकलसारखी आहे."

"दादा म्हणतोय तर घ्या की नवी," अनुपमा म्हणाली, आणि पाट्यावरचं पुरण निपटायला लागली.

कमलाकांतांनी नवी घेतल्याचं कळलं तसा जानराव माझ्याकडे आला. घरात आला नाही. ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"तू काहून नाई सांगतलं त्यायले? शेतात गेलता ना तू?"

"तुझी गाडी विकली गेली नाही म्हणून बोलतोयस," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा राग मला चालला असता. त्याने डोक्यावरचं मुंडासं नीट केलं आणि निघून गेला.

उन्हाळ्यात कोर्टं सकाळची असत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी कमलाकांत सहा वाजता दर्यापुरातून अकोटला निघाले. सात वाजता एका पुलापुढच्या उतारावर ते पडले. समोरून एक गाडीवान येत होता. त्याने फौजदाराला जबाब दिला तो मी स्वतः ऐकला.

"सायेब सरळ येऊन राह्यले होते. मंधात काई नोतं. कुत्रं नोतं का ढोर नोतं. एकदम फटफटीनं मुंडी हालवली. सायबायनं लय धरली. मंग दगडावर गेली."

त्याने कापसाच्या रिकाम्या बोऱ्यांवर त्यांना निजवून अकोटकडे गाडी हाकली. दवाखाना येण्याआधीच ते गेले. चष्मा गाडीवानाने आपल्या पागोट्यात बांधून आणला होता. त्याची एक काच शाबूत होती.

दर्यापूरला तेरा दिवस माणसं येत होती. सगळ्यांचं म्हणणं एकच. वकिलांचा तो पिंड नव्हे. पुस्तक वाचणाऱ्या माणसाने असल्या भानगडीत पडू नये. मनगटात जोर लागतो. कमलाकांतांच्या आई माणिकबाई भिंतीला डोकं टेकून येईल त्याला सांगत, "मी म्हणत होते, बाळा, तुझ्या हाडात तेवढी ताकद नाही. ऐकलं नाही माझं. हट्टी होता हो." अनुपमा हे ऐकत बसलेली असायची.

निघायच्या दिवशी मागच्या अंगणात ती एकटी सापडली. तिचं कपाळ मोकळं होतं. मला तिकडे पाहवेना.

"दादा," ती म्हणाली, "तू चालवली होतीस तेव्हा तुला काही झालं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला. विहिरीवर कोणीतरी पाणी ओढत होतं, त्या रहाटाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

जुलैत मी अकोल्याला गेलो. दुकानात कमलाकांतांची गाडी उभी होती. केशवरावांनी ती परत घेऊन सरळ केली होती. नवा दिवा, नवा चिमटा, टाकीवर नवा रंग. विकायला काढली होती. मागे भिंतीवर चौकटीत माझा लेख होता.

"केशवराव, चकती बसवल्याशिवाय ही गाडी कोणाला देऊ नका. ती हेलकावे खाते. मी स्वतः शेतात गेलो होतो."

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "केव्हा?"

"जानेवारीत. त्याच रविवारी."

"आणि लिहिलं नाहीत?"

मी मान हलवली.

त्यांनी चौकटीतल्या लेखाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? दिसेल ते लिहा. मी धंदा करणारा माणूस. कंपनी म्हणते गाडी उत्तम, शास्त्राचे मास्तर म्हणतात गाडी उत्तम, मी विकली. आता तुम्ही तिसरंच सांगता. चकती मागेल त्याला मी देतोच आहे."

"कोणाला ठाऊकच नाही तर मागणार कोण?"

"ते लिहिणाऱ्याचं काम," केशवराव म्हणाले.

त्या रात्री मी खुलासा लिहिला. सगळं लिहिलं. बावन्नाचा काटा, पऱ्हाटी, प्लगची थाप, होळीचं उत्तर. मोरोपंतांनी तो उभ्याने वाचला. चांगले गृहस्थ होते. माझ्या वडिलांबरोबर शिकलेले.

"चिंतामण, हे छापलं तर तुझी नोकरी जाईल आणि माझ्यावर कंपनीची नोटीस येईल. गेलेला माणूस काही परत येत नाही. तू म्हणतोस म्हणून सूचना तेवढी देतो."

अंक आला. जाहिरातींच्या पानावर चार ओळी होत्या. 'नवीन थॉर्नबी स्पोर्ट ही गाडी अतिवेगात चालविण्यास मनगटात विशेष जोर असणे आवश्यक आहे, तरी अशक्त व्यक्तींनी ती घेताना विचार करावा.' शेतात कोण गेलं, चकती कुठली, काहीच नव्हतं. कमलाकांत अशक्त होते, एवढंच त्यातून निघत होतं. तेही आता छापील झालं होतं.

पंधरा दिवसांनी एलिचपूरचा एक तरुण शाळेच्या फाटकाशी मला भेटला. चांदीच्या नळ्यांची नवी थॉर्नबी त्याने झाडाखाली लावली होती. छाती पुढे काढून म्हणाला, "मास्तर, तुमची सूचना वाचली अन् घेतली. म्हटलं, पाहू तरी आपल्या मनगटात किती दम हाये." मी त्याला चकतीचं सांगायला लागलो. तो हसला, किक मारली आणि गेला. केशवरावांनी त्या महिन्यात आणखी दोन गाड्या विकल्या असं मागाहून कळलं.

जानरावकडे मी गेलो ते पोळ्याच्या आधी. तो गोठ्यापुढे बैलांची शिंगं विळ्याने साळून गुळगुळीत करत होता. मी त्याची माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही हे मला समजलं नाही. मी एलिचपूरच्या तरुणाचं सांगितलं तेव्हा त्याने हातातला विळा खाली ठेवला.

"अशा किती गाड्या हायेत वऱ्हाडात?"

"केशवराव म्हणतात नऊ."

दुसऱ्या दिवशी तो जुन्या गाडीची चकती काढून अकोटला गेला. तिथल्या एका जिनातला फिटर त्याच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून त्याने लेथवर तशा नऊ चकत्या करून घेतल्या आणि महिनाभर तो गावोगाव फिरला. मी रविवारी त्याच्याबरोबर जात असे. तो मालकाला सांगायचा, "बसवून देतो, फुकट देतो, नाई आवडली तर काढून फेक." सहा जणांनी बसवून घेतली. तिघांनी नाही घेतली. एलिचपूरचा तरुण त्या तिघांतला. तो म्हणाला, चकती लावायची तर मग जुनी काय वाईट होती? त्याचं पुढे काय झालं मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

शेवटच्या रविवारी परतताना जानरावने दर्यापूरच्या वेशीवर गाडी थांबवली.

"आता उतर अन् बहिनीकडे जा."

"तू सांग ना तिला."

"मी काहून सांगू? थे तुले विचारून राह्यली होती."

अनुपमा पुढच्या खोलीत कमलाकांतांची दप्तरं दुसऱ्या वकिलाकडे द्यायला बांधत होती. मी उंबऱ्यातच सांगायला सुरुवात केली. ती गाठ मारता मारता थांबली. माझं संपल्यावर तिने विचारलं, "काटा कितीवर होता?"

"बावन्न."

"आणि तू शेतात गेलास."

"हो."

"शेत मऊ होतं."

"हो."

"म्हणजे ते चुकले नव्हते," ती म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला वाटलं, सुटलो. तिने आत हाक मारली, "आई, इकडे या. हे ऐका." माणिकबाई भिंत धरत धरत आल्या. "आता पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग."

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना शब्द नीट लागत नव्हते. माणिकबाईंना फटफटीतलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं की आपल्या मुलाच्या हाडांत काही कमी नव्हतं. त्या खाली बसल्या.

"चार महिने मी त्याला बोल लावतेय," त्या म्हणाल्या. "रोज. जेवताना, झोपताना. मेलेल्या लेकराला बोल लावतेय मी." त्यांनी पदर तोंडात कोंबला.

अनुपमाने त्यांना आत नेऊन निजवलं आणि बाहेर आली. चेहऱ्यावरचा तो उजेड गेला होता.

"होळीला तू हो म्हणाला असतास," तिने विचारलं, "तर आम्ही तुला हसलो असतो का?"

"नाही."

"मग?"

तिने उरलेलं दप्तर बांधलं, गाठ घट्ट केली.

"आता तू जा, दादा. भाऊबीजेला येऊ नकोस. पुढेही नको. रागानं म्हणत नाही. तू दिसलास की मला तो दिवस दिसतो. घ्या की नवी, असं म्हणाले ती मी. तू मला त्यात वाटेकरी केलंस."

"चूक माझी आहे, अनू. तुला काय ठाऊक होतं?"

"मला ठाऊक होतं ते एवढंच की दादा खोटं बोलत नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

जानराव वेशीवर थांबला होता. त्याने मला अमरावतीला सोडलं. तो अजून येतो. दर वर्षी तुरीची डाळ घेऊन येतो, ओसरीवर बसतो, पावसापाण्याचं बोलतो. त्या गाड्यांचा विषय आम्ही काढत नाही. त्याने मला माफ केलं असावं. त्या माफीचा मला काही उपयोग होत नाही. मी पुन्हा कधी छापण्यासाठी लिहिलं नाही. मोरोपंतांनी दोनदा निरोप पाठवला, मग तेही थांबले.

अनुपमा पुढे शिक्षिकेच्या परीक्षेसाठी दोन वर्षं अमरावतीला होती. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, सासरच्या नात्यातल्या कौशल्यामावशींकडे राहायची. आमच्या दारात ती कधी आली नाही. आई डबा घेऊन तिच्याकडे जायची आणि परत आली की मला विचारायची, "काय झालंय रे तुम्हा दोघांत?" मी म्हणायचो, काही नाही.

आईने मग आपल्या मनाशी उत्तर शोधलं. सून नणंदेला काहीतरी बोलली असणार. विधवा नणंद घरी आली तर तिची जबाबदारी आपल्यावर पडेल म्हणून सुभद्रेनं तिला तोडलं असणार. हे ती आधी पुटपुटायची, मग उघड बोलायला लागली. शेजारणींपाशी बोलायची. सुभद्रा पोळ्या लाटत असताना तिच्या पाठीमागे उभी राहून बोलायची. आई वाईट नव्हती. लेक दोन गल्ल्यांवर असून घरी येत नाही, याला तिला कोणीतरी गुन्हेगार हवा होता.

सुभद्रेला सगळं ठाऊक होतं. दर्यापूरहून आलो त्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं. तिने आईला उलट उत्तर दिलं नाही, आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी रोज ठरवायचो की आज आईला सांगतो. शाळेतून येताना वाक्यं जुळवायचो. घरी आलो की आई माझ्यासाठी चहा ठेवायची, म्हणायची, थकलास रे, आणि मी चहा प्यायचो.

सन एकेचाळीसच्या थंडीत आई गेली. अनुपमा तोवर परगावी शाळेत लागली होती; शेवटच्या आठवड्यात सुभद्राच आईचं सगळं करत होती. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं. आईने तिच्या हातून पेज घेतली, पण तिच्याशी ती बोलली नाही. आदल्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, "चिंतू, माझ्या माघारी हिचं ऐकू नकोस. अनूला घरी आण."

सुभद्रा दारात पेजेचं भांडं घेऊन उभी होती. मी म्हणालो, "बरं, आई."